विज्ञानाच्या तासाला 'शास्त्र' म्हणजे काय सांगायचं?

२६ डिसेंबर २०१९, गुरुवार. आदल्या दिवशी नाताळची सुट्टी झालेली आणि त्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण. केरळ-तमिळनाडूच्या काही भागात कंकणाकृती दिसणार होतं, आपल्याकडे खंडग्रास. मी आठवीच्या वर्गाला चार दिवस आधीच सांगून ठेवलेलं की आठच्या आत शाळेत या, घरून पुठ्ठा आणा, चाळणी आणा, सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी कुणीही बघायचं नाही, आपण ग्रहण जमिनीवर बघणार आहोत. पटावर ४८ मुलं, आली १७. बाकीच्यांना घरून सोडलंच नाही.

नऊ वाजून गेल्यावर पटांगणातल्या कडुनिंबाखालचे कवडसे बदलायला लागले. एरवी ते गोल असतात, का गोल असतात हे कुणी कधी विचारत नाही, पण प्रत्येक कवडसा म्हणजे पानांमधल्या बारीक फटीतून पडलेलं सूर्याचं चित्र असतं, आणि त्या दिवशी सूर्यच कोरीसारखा झाला होता म्हणून जमिनीवर शेकडो कोरी पडल्या होत्या. वारा आला की सगळ्या एकदम हलायच्या. एक मुलगा गुडघे टेकून बसला होता आणि तळहातावर एक एक कोर धरत होता, हात वर नेला की लहान व्हायची, खाली आणला की मोठी. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, त्याचं त्यालाच सापडलं ते.

या मुलाचा वरचा ओठ जन्मतः फाटलेला होता. लहानपणी ऑपरेशन झालेलं, टाक्याची खूण राहिलेली. मागून दुसरा एक मुलगा म्हणाला, "तू उठ तिथून. तुझ्या आईनं गिराण पाळलं नाही म्हणून तुझा ओठ तसा झालाय." मी रागावले तर तो मुलगा घाबरला नाही, उलट अगदी खरं बोलल्यासारखा म्हणाला, "बाई, सरांनीच सांगितलंय वर्गात. त्याच्यामागं शास्त्र आहे."

नंतर चौकशी केली तर खरंच सांगितलं होतं. ग्रहणात अदृश्य किरणं येतात, त्यांचा गर्भावर परिणाम होतो, आपल्या पूर्वजांना ते माहीत होतं म्हणून त्यांनी गरोदर बाईनं विळीला हात लावू नये असा नियम केला. हे सांगणारे शिक्षक वाईट नव्हते हो. गरीब मुलांच्या परीक्षेची फी खिशातून भरणारा माणूस. पण विज्ञानाच्या तासाला, हातात खडू घेऊन, मुलांनी वहीत उतरवून घ्यावं अशा आवाजात त्यांनी ते सांगितलं, आणि ते जाऊन एका तेरा वर्षांच्या पोराच्या ओठावर बसलं. मला या लेखात जे म्हणायचंय ते सगळं इथूनच सुरू होतं.

पुढच्या पालकसभेला त्याची आई आली. सगळे गेल्यावर थांबली आणि खाली मान घालून म्हणाली, "बाई, माझ्यामुळंच झालं का हो ते?" सातवा महिना होता तिला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चंद्रग्रहण होतं, वेध लागले होते तरी नवरा शेतातून येणार म्हणून संध्याकाळी तिनं भेंडी चिरली होती, आणि दिवाळीनंतर हा झाला. तेरा वर्षं ही बाई ती भेंडी विसरली नव्हती. मी तारीख शोधली, ७ सप्टेंबर २००६ ची रात्र, खंडग्रास चंद्रग्रहण, ते लागलंच रात्री साडेअकरानंतर. म्हणजे तिनं भाजी चिरली तेव्हा ग्रहण सुरूसुद्धा झालं नव्हतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाळाचा वरचा ओठ गरोदरपणाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून येतो, दोन्ही बाजूंचा भाग मध्ये येऊन मिळतो आणि काही बाळांच्यात तो मिळायचा राहतो. काही वेळा आनुवंशिक कारण असतं, काही वेळा आईचं पोषण किंवा एखादं औषध, पुष्कळदा नेमकं कारण सापडतच नाही. पण सातव्या महिन्यात तो ओठ कधीच तयार होऊन गेलेला असतो, चांगला किंवा फाटलेला. मी तिला फळ्यावर आठवडे मांडून दाखवले. ती बराच वेळ नुसती फळ्याकडे बघत बसली. मग पदर डोळ्याला लावून उठली आणि गेली.

आता यावर लोक म्हणतील की बाई, हा अंधश्रद्धेचा विषय झाला, धर्माचा काय संबंध. संबंध आहे. कारण आपल्याकडे विज्ञानाच्या वर्गात श्रद्धा कधी उघडपणे येतच नाही, ती विज्ञानाचाच सदरा घालून येते, आणि त्यासाठी आपल्या भाषेत एक फार सोयीचा शब्द आहे, शास्त्र. आजी म्हणते "शास्त्रात सांगितलंय" तेव्हा तिच्या मनात धर्मशास्त्र असतं, आणि आपण "शास्त्रज्ञ" म्हणतो तेव्हा प्रयोगशाळेतला माणूस असतो. रसायनशास्त्र, जीवशास्त्र, वास्तुशास्त्र, ज्योतिषशास्त्र, सगळ्यांच्या मागे एकच शेपूट. पोरांना फरक कसा कळणार? त्यांना वाटतं की ज्याच्यामागे शास्त्र आहे ते सगळं सारखंच खरं. आजीचं मला काही म्हणायचं नाही, ती प्रामाणिक आहे, ती म्हणते असं करायचं असतं म्हणून आपण करतो, तिनं कधी किरणांचं नाव घेतलं नाही. किरणं आपण शिकलेल्या लोकांनी घुसवली. श्रद्धेला नुसती श्रद्धा म्हणायची आपल्यालाच लाज वाटते म्हणून आपण तिला विज्ञानाचं सर्टिफिकेट मिळवून द्यायला धडपडतो.

सूर्यग्रहणात नवीन कुठलीच किरणं येत नाहीत, उलट सूर्याचा काही भाग झाकला गेल्यामुळे एरवीपेक्षा कमीच येतात. डोळ्यांना धोका खरा आहे, पण तो अशासाठी की उजेड कमी झाल्यामुळे माणूस टक लावून बघू शकतो आणि तेवढ्यात डोळ्याचा पडदा भाजतो. आणि चंद्रग्रहणात तर फक्त पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. मी मुलांना सांगते, अरे आपण रोज रात्री पृथ्वीच्या सावलीतच जेवतो, त्याच सावलीत झोपतो, रात्र म्हणजे दुसरं काय असतं? ती सावली आपल्याला रोज चालते तर चंद्रावर पडली म्हणून अन्नात तुळशीचं पान टाकावं लागावं असं त्यात काय होतं? एवढं विचारलं की पोरं स्वतःच बोलायला लागतात.

आणि हे काही पश्चिमेकडून आणलेलं ज्ञान नाहीये. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते हे आर्यभटानं पाचव्या शतकाच्या शेवटी लिहून ठेवलंय. आज दाते पंचांगात ग्रहणाचा स्पर्श, मध्य, मोक्ष मिनिटांपर्यंत छापलेला असतो तो याच सावल्यांच्या गणितावर. पंचांगकर्त्यांचे राहू आणि केतू म्हणजे चंद्राचा मार्ग आणि सूर्याचा मार्ग आकाशात एकमेकांना छेदतात ते दोन बिंदू, चंद्राची कक्षा साधारण पाच अंशांनी कललेली आहे म्हणून दर अमावास्येला ग्रहण होत नाही, तो बिंदूच्या जवळ असला तरच होतं. किती सुंदर आहे हे! राहूची गोष्ट मराठीच्या तासाला सांगा, अमृतमंथनापासून सांगा, पोरं जीव ओतून ऐकतील. पण पुढची घंटा झाली की बिंदू दाखवा.

आता उत्क्रांतीकडे येते, कारण तिथे प्रकरण आणखी अवघड आहे. आपल्या राज्याच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान भाग २ च्या पुस्तकात पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. जून महिन्यात शाळा उघडली की मी तोच घेते. अवशेषांगं शिकवताना मुलांना माकडहाड चाचपून बघायला लावते, कान हलवता येतात का ते करून बघायला लावते, वर्गात दोघा-तिघांना येतंच आणि मग अख्खा वर्ग आरशाशिवाय तोंडं वाकडी करत बसतो. ज्याला काही काम उरलेलं नाही असा स्नायू आपल्या कानामागे का आहे? हा प्रश्न एकदा मनात गेला ना, की निम्मा धडा शिकवून झाला.

पण किती वर्गांमध्ये हे असं होतं? मी ट्रेनिंगला जाते, इतर शाळांतल्या शिक्षकांशी बोलते, तेव्हा एक वाक्य नेहमी ऐकू येतं, "पेपरपुरतं लिहा, बाकी माणूस देवानेच घडवलाय." डार्विनवर टीप लिहा तीन मार्कांची, आणि ती खरी मानू नका. मला हे विरोधापेक्षाही जास्त घातक वाटतं. कारण यातून मूल एकच गोष्ट शिकतं, की शाळेत जे लिहायचं असतं ते खरं असायची गरज नसते. विज्ञान म्हणजे परीक्षेची भाषा. मग तोच मुलगा मोठा होऊन इंजिनियर होतो, डॉक्टर होतो, आणि लिंबू-मिरची, गंडा-दोरा, किरणांवाले मेसेज सगळं फॉरवर्ड करतो, आणि आपण म्हणतो एवढा शिकलेला असून असा कसा. अहो तो शिकलाय तसाच वागतोय.

२०१८ च्या जानेवारीत औरंगाबादला वैदिक संमेलनात केंद्रातले तेव्हाचे मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी बघितलेला नाही, शाळा-कॉलेजच्या अभ्यासक्रमात बदल करायला हवा. स्वतः केमिस्ट्रीत एमएस्सी झालेले, मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले. पोलिसातल्या माणसानं तरी असं म्हणायला नको होतं असं मला राहून राहून वाटतं, कारण गुन्हा घडताना बघितलेला साक्षीदार नसला तरी ठसे, रक्त, वस्तू यांच्यावरून काय घडलं ते शोधतातच ना, जीवाश्म आणि डीएनए म्हणजे तेच ठसे आहेत. आणि माकडाचा माणूस झाला असं डार्विन म्हणतच नाही, आजचं माकड आणि आपण यांचा पूर्वज एक होता एवढंच ते आहे, चुलत भावंडांसारखं. त्या वेळी देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून मंत्र्यांचं म्हणणं खोडलं, आणि त्यांचे वरिष्ठ, तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकर, यांनीही त्यांना अशी विधानं टाळायला सांगितलं. विषय तिथे संपला असं वाटलं.

मग २०२३ ला एनसीईआरटीची, म्हणजे शालेय पुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या संस्थेची, नवी पुस्तकं आली आणि दहावीच्या धड्याच्या नावातून 'उत्क्रांती' गायब, नुसती 'आनुवंशिकता' राहिली. कारण सांगितलं कोविडनंतर सिलॅबसचा भार कमी करण्याचं, आणि बारावीच्या बायॉलॉजीत आहे की. १८०० हून जास्त शास्त्रज्ञ, शिक्षक आणि इतरांनी सही करून पत्र लिहिलं. धर्मासाठी काढला असं मी म्हणणार नाही, मनातलं कुणाच्या मला काय ठाऊक. पण बारावीत आहे हे उत्तर मला पटत नाही. कॉमर्सला, आर्ट्सला, आयटीआयला जाणारी पोरं, लग्न करून दिलेल्या मुली, यांच्यासाठी दहावी हीच जीवशास्त्राची शेवटची भेट असते. त्यांना आयुष्यात एकदासुद्धा कुणी सांगणार नाही की सगळे जीव एकमेकांचे नातेवाईक आहेत. आणि बघा, त्या पुस्तकात मेंडेल राहिला. तो ख्रिस्ती मठातला साधू होता. प्रार्थना करायचा आणि बागेत वाटाण्याची झाडं लावायचा, हजारो झाडं, गोल दाणे किती आणि सुरकुतलेले किती हे बसून मोजायचा. १८६६ साली त्यानं जे छापलं त्यात देवाचं मत नाही, मोजलेले आकडे आहेत. त्याची श्रद्धा गेली नाही आणि त्याचं विज्ञानही बाटलं नाही, कारण कुठे काय चालतं हे त्याला कळत होतं.

दशावताराबद्दल जरा सविस्तर बोलायचंय, कारण हे सगळ्यात प्रेमानं सांगितलं जातं. मत्स्य पाण्यातला, कूर्म पाण्यातला-जमिनीवरचा, वराह जमिनीवरचा, नरसिंह अर्धा पशू अर्धा माणूस, मग वामन, मग पुढे पूर्ण माणूस, म्हणजे बघा मुलांनो डार्विनच्या आधी आपल्याकडे उत्क्रांती होती. २०१९ च्या जानेवारीत जालंधरच्या सायन्स काँग्रेसमध्ये, म्हणजे देशभरातल्या शास्त्रज्ञांच्या परिषदेत, एका विद्यापीठाच्या कुलगुरूंनीच हे सांगितलं. मीसुद्धा नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत वर्गात सांगितलंय, मला वाटायचं मुलांना पटकन कळेल. काय कळलं ते पेपर तपासताना दिसलं. मुलांनी लिहिलं की माशाचं कासव झालं, कासवाचं डुक्कर झालं, डुकराचा माणूस झाला. म्हणजे उत्क्रांतीबद्दल जो एक मोठा गैरसमज असतो, शिडीचा, एकाचं दुसरं होत वर वर जाण्याचा, तोच मी माझ्या हातानं पोरांच्या डोक्यात पक्का केला होता. उत्क्रांती शिडी नाहीये, वडाच्या झाडासारख्या फांद्या आहेत त्या. कासव अजून कासवच आहे आणि आपल्या परीनं ते आपल्याइतकंच उत्क्रांत आहे. त्यात कुणी ठरवून काही करत नाही, ज्याला जगता आलं त्याची पिल्लं उरली. आणि अवताराचा सगळा अर्थच उलटा आहे, तिथे देव ठरवून येतो, भक्तासाठी येतो. प्रल्हादाच्या हाकेला खांबातून बाहेर पडणारा नरसिंह हा काय मधला टप्पा आहे? असं म्हटल्यानं डार्विनही समजत नाही आणि प्रल्हादही हातचा जातो. माझी आई जन्मभर वारी करत आली, तिला मी एकदा हे सांगितलं तर ती म्हणाली, पांडुरंग काय परीक्षेला बसलाय होय ग!

मग प्रश्न येतो की मुलानंच विचारलं तर? विचारतातच. "बाई, मग देवानं काय केलं?" दहावीच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतं, बहुतेक वेळा एखादी मन लावून ऐकणारी मुलगी. इथे मला माझ्या बाजूच्या लोकांनाही बोलायचंय. विज्ञाननिष्ठ म्हणवणारे काही शिक्षक अशा मुलांची टर उडवतात, अजून देव मानतेस का, तुझा देव दिसतो का, आणि वर्ग हसतो. ते मूल पुन्हा कधी हात वर करत नाही, आणि मनातल्या मनात विज्ञानावर कायमचा राग धरतं. मुलाला आपलं घर आणि आपली शाळा यातलं एक निवडायला लावलं तर ते घरच निवडणार आणि त्याचं बरोबर आहे. मी एवढंच सांगते की माकडहाड कुठून आलं हे आपण शोधू शकतो, ते तपासू शकतो, चुकलं तर दुरुस्त करू शकतो, आणि देवाबद्दलचा तुझा प्रश्न या तासाच्या साधनांनी तपासता येत नाही, म्हणून या तासाला मी त्याचं हो किंवा नाही असं उत्तर देणार नाही. तो घरी विचार, मोठी झाल्यावर वाच, स्वतः ठरव. श्रद्धा विज्ञानाच्या वर्गात प्रश्न म्हणून आली तर तिला खुर्ची द्यायची, उत्तर म्हणून आली तर तिला विचारायचं, कशावरून?

इस्रोचे शास्त्रज्ञ तिरुपतीला जातात हे हमखास ऐकवलं जातं. जातात, जाऊ देत की, त्यांचा तो अधिकार आहे. पण २०१९ साली चंद्रयान-२ चं विक्रम लँडर कोसळलं तेव्हा त्यांनी आपली पूजा चुकली का हे नाही तपासलं, इंजिनाचा जोर, सॉफ्टवेअर, पाय, उतरण्याची जागा हे सगळं तपासलं, बदललं, आणि २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरवून दाखवलं. मुलांना तिरुपतीचा फोटो दाखवणाऱ्यांनी हेही दाखवावं.

अमेरिकेत हा वाद उघड झाला. २००४ साली पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या स्कूल बोर्डानं उत्क्रांतीच्या धड्याआधी वर्गात वाचायला एक निवेदन दिलं, की डार्विनला पर्याय म्हणून कुणीतरी बुद्धिमान रचनाकार असल्याचं मतही आहे. तिथल्या विज्ञान शिक्षकांनी ते वाचायला साफ नकार दिला, अकरा पालक कोर्टात गेले आणि २००५ मध्ये जिंकले. आपल्याकडे असं भांडण होतच नाही. धडा गळतो, पालकांना पत्ता नसतो, शिक्षक किरणं सांगतात, पालक खूश होतात. राज्यघटनेच्या ५१क मध्ये १९७६ पासून वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे, ते आम्ही पाठ करून घेतो, तेही बहुधा पेपरपुरतंच.

आणि अभिमानाचं म्हणाल तर तो मलाही आहे. २०१५ च्या मुंबईतल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर पेपर वाचला गेला, ज्या ग्रंथाचा आधार देतात त्यातली विमानं उडूच शकत नाहीत हे बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ सालीच दाखवलेलं होतं. त्यापेक्षा पोरांना चाळीसगावजवळ पाटणादेवीला घेऊन जा. तिथे भवानीच्या देवळात शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा. देवळाच्या भिंतीवर गणिताच्या शाळेची नोंद. मी एकदा सहल नेली होती, एका पोरानं विचारलं, बाई इथं पूजा पण व्हायची आणि गणित पण? हो रे, पण गणित पूजेनं सुटत नव्हतं, ते सोडवावंच लागायचं.

आता पुढचं सूर्यग्रहण मी वहीत लिहून ठेवलंय. २ ऑगस्ट २०२७, सोमवार, आपल्याकडे दुपारी उशिरा खंडग्रास दिसेल, म्हणजे पावसाचे ढग नसले तर. त्या दिवशी आषाढी अमावास्या आहे, दिव्यांची अवस, घरोघरी समया-निरांजनं घासून पाटावर मांडलेली असतील. शाळा भरलेली असेल. कडुनिंब अजून उभा आहे. ज्या मुलाचा ओठ फाटलेला होता तो आता आयटीआय करून पुण्यात कामाला आहे, मागच्या दिवाळीत भेटला तेव्हा म्हणाला की सुट्टी मिळाली तर येतो, आईला पण घेऊन येतो, तिनं ते कवडसे बघितलेलेच नाहीत.